फलकावरची नेरेइदा

१४ जानेवारी, मंगळवार

आजपासून लिहायला घेतलं आहे. नवरा होता तोवर शाळेत दिवसभर जे साचायचं ते संध्याकाळी त्याच्या कानात ओतून मी मोकळी व्हायचे. तो ऐकत नसे, पण वेळच्या वेळी मान हलवत असे. आता मान हलवायलाही कोणी नाही. घरात यारेत्सी आहे, माझ्या बहिणीची मुलगी. बहीण ह्यूस्टनला कामाला, म्हणून पोर माझ्याकडे राहून आमच्याच शाळेत अकरावीला शिकते. पण ती जेवतानासुद्धा कानात बोंडं खुपसून कॉलेजची व्याख्यानं ऐकते. सोळाव्या वर्षी कॉलेजचं गणित! अशा पोरीला माझं रडगाणं कशाला ऐकवायचं?

मुख्याध्यापक बेनाविदेसनी आज खोलीत बोलावलं.

"मिस कांतू, पहिली तुकडी बाहेर पडून तीन वर्षं होत आली. पोरांचं पुढे काय झालं, ते एकेकाला फोन करून विचारायचं. पाच मार्चला, राखेच्या बुधवारी, राजधानी ऑस्टिनहून राज्याची माणसं येणार आहेत. शाळा चालू ठेवायची की गुंडाळायची, ते यावर ठरेल."

"मीच का?"

"तुमचा फोन पोरं उचलतात. माझा उचलत नाहीत."

हे मात्र खरं. उत्तरं तीनच घ्यायची आहेत. नोकरीत, शिक्षणात, सैन्यात. मी विचारलं, "यातलं एकही नसेल तर?"

"तर पुन्हा विचारायचं," बेनाविदेस म्हणाले आणि हसले. मीही हसले.

या शाळेवर माझा जीव आहे, तो उगीच नाही. आमच्या वेळी गावात पोरींनी वखारीत पपनसं निवडायची आणि पोरांनी पेट्या उचलायच्या, एवढंच होतं. मी टेलिफोनच्या तारा ओढायला गेले तर आईनं आठवडाभर अबोला धरला होता. आता गवंड्याचं पोर नववीला आमच्याकडे येतं आणि बारावीला बाहेर पडताना शाळेच्या दाखल्यासोबत कॉलेजची दोन वर्षांची संगणकाची पदवी घेऊन जातं. तेही फुकट. हमरस्त्यावरून गावात शिरलं की पहिला आमच्याच फाटकावरचा फलक दिसतो. त्यावर पहिल्या तुकडीतली नेरेइदा लोंगोरिया, पदवीचा झगा, गळ्यात ऑस्टिनच्या कंपनीचं ओळखपत्र, बत्तीसच्या बत्तीस दात. खाली मोठ्या अक्षरांत: अठराव्या वर्षी पदवी, अठराव्या वर्षी नोकरी. तिची आई दोन्या एउलालिया अजून वखारीत आहे. रविवारी चर्चला जाताना ती फलकाखाली थांबून क्रुसाची खूण करते, असं लोक सांगतात.

१७ जानेवारी, शुक्रवार

पहिले फोन झाले. सगळ्यांचं उत्तर एकच, "मस्त चाललंय, मिस." जीव सुखावला.

माझ्या संगणकाच्या प्रयोगशाळेत मात्र एक विचित्र गोष्ट. काल शेवटच्या तासाला दहावीच्या पोरांनी केबलांचा शेवयांसारखा गुंता करून ठेवला होता. मी वैतागून तसाच सोडून घरी गेले. आज सकाळी येऊन बघते तर सगळं विंचरल्यासारखं. निळी निळीबरोबर, पिवळी पिवळीबरोबर, जिथल्या तिथे, पट्ट्यांनी बांधलेलं. आणि असं हे पहिल्यांदाच झालेलं नाही.

झाडलोट करणाऱ्या दॉन चेमांना विचारलं. ते म्हणाले, "मिस, मी फक्त फरशी पुसतो. तुमच्या त्या आतड्यांना हात लावत नाही." मग इकडेतिकडे बघून हळूच, "पण खोलीत कुणीतरी वावरतं. दिवा विझवून पुढे गेलं की मागे खुर्ची सरकते."

पोरांनी तर केव्हाच ठरवून टाकलंय की ही कालव्यातली बाई. आपल्या बुडालेल्या पोरांना शोधत ती पाण्याकाठी रडत फिरते, असं आमची आजी सांगायची. केबलांची जुडी बांधत फिरते, असं काही ती म्हणाली नव्हती.

२२ जानेवारी, बुधवार

आज नेरेइदाचा फोन लागला. चार वेळा केला तेव्हा उचलला. आवाज किती गोड पोरीचा, मात्र जरा घसा बसलेला.

"मिस! तुम्ही! किती दिवसांनी!"

"काय गं, कशी आहेस? नोकरी काय म्हणते?"

"मस्त चाललंय, मिस. कामच काम. आत्ताही मशीनच्या खोलीतच आहे."

"तरीच पंख्यांचा आवाज येतोय. राखेच्या बुधवारी पाहुणे येताहेत. तू येऊन चार शब्द बोल. तुझ्या फलकाखाली उभं करू तुला."

ती बोलेना. मला वाटलं फोन तुटला. तेवढ्यात तिकडून घंटा वाजली आणि ती घाईघाईनं म्हणाली, "ठेवते मिस, बोलावतायत." गंमत म्हणजे त्याच वेळी आमच्या शाळेचीही मधल्या सुटीची घंटा झाली. मी कार्यालयातून बोलत होते, त्यामुळे दोन्ही कानांत एकच सूर. मी हसून म्हटलं, "तुझ्या कंपनीनं घंटा आमच्याकडूनच नेली वाटतं!" पण तिनं फोन ठेवला होता.

नोकरीत. लिहून टाकलं.

२७ जानेवारी, सोमवार

यारेत्सीची भूक वाढली आहे. रविवारी शेजारणीनं दिलेले मक्याच्या पिठाचे तमाले मी आठवडाभर पुरवायचे म्हणून ठेवले होते. आज डबा रिकामा. विचारलं तर म्हणाली, "अभ्यासानं भूक लागते मावशी." लागू दे. पण इतकं खाल्लेलं पोरीच्या अंगाला लागत का नाही, कळत नाही. न्हाणीच्या जाळीत तिच्या केसांचा बोळा सापडला, मुठीएवढा. मी तिला पपनसाचा रस देते रोज.

जाडी गोधडीही दिसत नाही. "चर्चनं गरिबांसाठी गोळा केलं, त्यात दिली," म्हणाली. मला न विचारता! पण दानाला नाही तरी कसं म्हणायचं? गणितात नापासाच्या काठावर होती नाताळाआधी, ती आता वर आली. कुणाजवळ शिकतेस म्हटलं तर, "आहे एक शिकवणारी." कॉलेजनं कोणी नेमली असेल.

२ फेब्रुवारी, रविवार

दाराला दोन्ही कड्या घालून लिहायला बसले आहे.

चर्चहून येताना, शाळेत विसरलेला चष्मा आणायला तिकडे गेले. भर दुपार, ऊन लख्ख, शाळेत चिटपाखरू नाही. प्रयोगशाळेचं दार कार्डानं उघडलं. आत दिवे बंद, मशीनचे हिरवे ठिपके तेवढे लुकलुकत होते. चष्मा टेबलावर होता. तो उचलायला वाकले आणि आधारासाठी मागच्या खुर्चीवर हात ठेवला.

खुर्ची ऊन होती. नुकतं कोणी उठून गेल्यासारखी ऊन.

मी हाक मारली, "कोण आहे?" मशीनच्या मागे, भिंत आणि कपाट यांच्या मधल्या सांदीत, कोणीतरी श्वास धरून उभं आहे असं मला वाटलं. वाटलं कशाला, माझी खात्रीच होती. श्वास धरला की खोली कशी घट्ट होते, तशी ती झाली होती. दोन पावलं टाकली असती तर दिसलंही असतं. मी टाकली नाहीत. छप्पन्न वर्षांची बाई मी, खांबांवर चढलेली, जीव घेऊन पळाले. गाडीत बसल्यावर लक्षात आलं, चष्मा तिथेच राहिला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

बेनाविदेसना सगळं सांगितलं. ते आधी चेष्टा करणार होते, पण पाहुणे यायचे म्हणून गंभीर झाले. तपासलं तेव्हा समजलं, शाळा सोडून गेलेल्या मुलांची कार्डं कोणी बंदच केली नव्हती. पहिल्या तुकडीपासूनची सगळी चालू. म्हणजे कोणीही यावं, केव्हाही यावं.

"कोणत्या कार्डानं दार उघडलं ते बघायचं का?" त्यांनी विचारलं.

"कशाला उगाच कुणा पोराला पोलिसांत गुंतवायचं? सगळीच बंद करून टाका." मला वाटलं मी दयाच दाखवते आहे.

दुपारी कार्डं बंद झाली. किती दिवसांनी मला हलकं वाटलं. रात्रीच्या जेवणात यारेत्सीला ही बातमी सांगितली, तर तिचा घास तोंडातच राहिला.

"सगळी? आजपासून?"

"सगळी. आता बघू तुमचं भूत कसं येतं ते."

ती उठून न्हाणीत गेली आणि ओकली. उद्या तिची परीक्षा आहे. परीक्षेआधी तिचं असं होतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

केबलांचा गुंता आता जसाच्या तसा राहतो. सुटलो म्हणायचं. तरी सकाळी दार उघडताना मी क्षणभर थांबते आणि आत गुंता दिसला की उगीच हिरमुसते. माणसाचं मन म्हणजे!

नेरेइदा फोन उचलत नाही. निरोप ठेवला, त्यावर दोन दिवसांनी दोन शब्द आले: बघते, मिस. कामात असेल.

यारेत्सी माझ्याशी बोलत नाही. काय बिनसलंय कोण जाणे. शाळा सुटल्यावर सायकल घेऊन कुठेतरी जाते, दिवेलागणीला परत येते. मुलगा असेल. या वयात असायचाच.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

उत्तरेचं वारं सुटणार असा इशारा आहे. असलं गारठवणारं वारं आमच्याकडे पाच-सात वर्षांतून एकदा येतं आणि बागा जाळून जातं. लिंबाच्या झाडाला जुन्या चादरी गुंडाळल्या, नळांना फडकी बांधली. उद्या-परवा शाळा बंद.

दुपारी यारेत्सी माझ्या मागे लागली. "मावशी, तुझ्याकडे शाळेची किल्ली आहे ना? आज मागचं दार उघडं ठेव ना."

"कशाला?"

"थंडी आहे. कोणी येऊन बसलं तर…"

"कोणी म्हणजे कोण? मांजरं?"

ती माझ्याकडे बघत राहिली.  मग म्हणाली, "हो. मांजरं."

"मांजरं स्वतःची सोय बघतात, पोरी. त्यांना सात जन्म असतात."

तिनं दार इतक्या जोरात आपटलं की नवऱ्याची तसबीर खिळ्यावरून खाली आली.

१९ फेब्रुवारी, बुधवार

कालव्याच्या कडेला बर्फ. ताडाची झाडं करकरतात. वीज जाते-येते. यारेत्सी सकाळीच बाहेर पडली, तीही कोटाशिवाय. कोट हरवला म्हणाली होती. तीन तासांनी परतली, बोटं निळी, रडत. "सापडली नाही," एवढंच म्हणत होती. मांजरासाठी एवढं? मी तिला रस्सा पाजला आणि पाय चोळत बसले. ती माझ्या हाताला धरून म्हणाली, "मावशी, मी शब्द दिलाय गं." कोणाला, कसला, सांगेना. ताप आहे असं वाटतं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

कसं लिहू?

सकाळी दॉन चेमा दारात उभे. टोपी हातात, तसलं वारं असताना. "मिस, एउलालियाला तिची मुलगी सापडली."

मी म्हटलं, "सापडली म्हणजे? ती ऑस्टिनला आहे."

माझ्या मागून यारेत्सीची किंकाळी आली. "जिवंत आहे का? दॉन चेमा, जिवंत आहे का?"

जिवंत आहे. कालव्याकाठच्या बंद पडलेल्या धुलाईघरामागे तिची गाडी उभी होती. ऊब यावी म्हणून इंजिन चालू ठेवलं होतं, मग पेट्रोल संपलं. काचा आतून गोठलेल्या. दोन्या एउलालियानं दगडानं काच फोडली. पोर उत्तर देत नव्हती, तेव्हा तिला छातीशी धरून ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, आणि दॉन चेमांची पिकअप तिथून गेली म्हणून बरं. अंगावर दोन कोट होते. त्यातला एक यारेत्सीचा. पायांवर माझी गोधडी.

यारेत्सीनं सगळं सांगितलं, जमिनीवर बसून, भिंतीला टेकून. गेल्या उन्हाळ्यात कंपनीनं नेरेइदाचं काम दुसऱ्या देशात पाठवलं आणि तिला काढलं. दुसरीकडे गेली तर म्हणाले, चार वर्षांची पदवी आणा. विद्यापीठात गेली तर म्हणाले, तुमच्या दोन वर्षांतलं निम्मं आम्ही धरत नाही. खोलीचं भाडं थकलं, तशी गाडीत सामान भरून गावाकडे आली. घरी मात्र गेली नाही. शाळेत कार्ड चालत होतं. तिथे ऊब होती, पाणी होतं, आणि हातांना करायला काम होतं.

"ती मला डिसेंबरात सापडली, कपाटामागे. मला म्हणाली, कोणाला सांगू नकोस, मी तुला गणित शिकवते. आणि मावशी, किती छान शिकवायची ती! रागवायची नाही. चुकलं की म्हणायची, थांब, इथपर्यंत बरोबर होतं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला?" ती म्हणाली. "तू रोज फोन करून विचारत होतीस, नोकरीत की शिक्षणात."

कपाटामागे श्वास धरून उभी होती ती. दोन पावलांवर होते मी.

२३ फेब्रुवारी, रविवार

दोन्या एउलालियांकडे गेले. मला वाटलं, दारातूनच हाकलतील. कार्डं मी बंद करायला लावली, हे मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. त्यांनी मला खुर्ची दिली आणि पोळ्या लाटत राहिल्या.

"तुम्हाला ठाऊक नव्हतं, मिस. मला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"ती गावात आहे ते. नाताळापासून. दुपारी फोन करायची ना, तेव्हा वखारीचा भोंगा माझ्या डोक्यावर वाजायचा आणि फोनमध्येही वाजायचा. ऑस्टिनमध्ये कुठली आलीय पपनसाची वखार?"

 मी त्या दिवशी घंटा ऐकून हसले होते.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

पोळी तव्यावर फुगली. त्यांनी ती उलटली, खाली घेतली, मगच बोलल्या.

"ती सांगायची, आई, इथे फार पाऊस आहे. मी विचारायची, छत्री घेतलीस का? ती म्हणायची, घेतली. खोटं बोलत होती, पण रोज फोन करत होती. मी 'खोटं' म्हटलं असतं तर फोनच बंद झाला असता. मग मी काय ऐकत बसले असते? म्हटलं, थकेल आणि येईल आपणहून. दाराला कडी लावली नाही मी एवढे दिवस. पण त्या वाऱ्यात मला धीर धरवला नाही. वखार बंद होती. कालव्याच्या कडेनं चालत सुटले, दिसेल त्या गाडीत डोकावत."

नेरेइदा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. हाताच्या बोटांना पट्ट्या. मी पलंगाच्या कडेला बसले. 

तीच म्हणाली, भिंतीलाच सांगितल्यासारखं, "मी तुमचा आकडा बिघडवला ना, मिस?"

"गप्प बस."

"मला घरी यायचं होतं. दोनदा निघाले. पण गावात शिरायच्या रस्त्यावर मी आधीच उभी आहे ना. एवढी मोठी. हसतेय. तिच्यासमोरून कुठल्या तोंडानं जाऊ? आडवाटेनं शिरायचे मी गावात, पोलिसांना चुकवावं तशी, स्वतःला चुकवून."

बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "केबलांचं काय झालं?"

"गुंता आहे नुसता."

"दहावीची पोरं पिवळी नेहमी खालून काढतात," ती म्हणाली. "त्यांना सांगायला हवं." आणि पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

बेनाविदेसना म्हटलं, फलक उतरवा. ते वाईट माणूस नाहीत, हे मला इथे लिहून ठेवायचं आहे. बातमी ऐकून त्यांनी डोकं दोन्ही हातांत धरलं. त्यांची स्वतःची आई वखारीत होती. पण म्हणाले, "पाहुणे जाईपर्यंत राहू द्या, मिस कांतू. सहा दिवस. नेरेइदाच्या जागी 'शिक्षणात' लिहा. तिला मी स्वतः कॉलेजात एखादा विषय घेऊन देतो. मग ते खोटंही होणार नाही."

"ती पलंगावरून उठत नाहीये."

"चारशे पोरं आहेत या इमारतीत. शाळा बंद झाली तर ती कुठे जातील? वखारीत?"

मी यादी उचलून बाहेर आले.  आज प्रयोगशाळेत एकटी बसले होते. पंखे घुमत होते, खुर्च्या गार होत्या. भूत गेलं आणि खोली ओसाड झाली.

५ मार्च, राखेचा बुधवार

सकाळी सहाच्या प्रार्थनेला जाऊन कपाळावर राख लावून शाळेत आले. निम्म्या शिक्षकांच्या कपाळी राखेचा क्रूस, आणि फाटकाजवळ गर्दी.

फलकाला शिडी लावलेली. शिडीवर दोन्या एउलालिया, वखारीचे बूट, कपाळावर राख, हातात स्वयंपाकघरातली सुरी. खाली दॉन चेमा दुसरीकडेच बघत उभे. "शिडी मागितली, दिली," ते मला म्हणाले. "शिडीला काय विचारायचं असतं?"

बेनाविदेस धावत आले. "दोन्या एउलालिया, खाली या! पडाल!"

"तीस वर्षं वखारीत पेट्यांच्या थप्प्यांवर चढतेय मी. तुमच्या दांड्यावरून पडेन होय?"

"अहो, तो शाळेचा फलक आहे!"

"फलक शाळेचा असेल. चेहरा माझा आहे. मी पोटातून काढलाय तो." सुरी कापडात शिरली, चर्र झालं. "अक्षरं राहू देते. ती तुमची."

शिडी हलत होती. मी पुढे झाले आणि दोन्ही हातांनी धरली. बेनाविदेस माझ्याकडे बघत राहिले. मी सोडली नाही. वर कापड चिरत होतं, आणि त्याच्या धाग्यांची पांढरी भुकटी माझ्या डोक्यावर पडत होती. कोणी पोरगं हसलं, ते लगेच गप्प झालं. दोन्या एउलालियांनी मुलीचा चेहरा गोल कापून काढला, गुंडाळून काखेत मारला, आणि खाली उतरून मला म्हणाल्या, "एवढी मोठी चादर, मिस. बाहेर वाऱ्यावर टांगून ठेवली होती माझी पोर." मग चालत गेल्या, वखारीच्या दिशेनं. आठची पाळी चुकवून चालत नाही.

पाहुणे आले तेव्हा फाटकावर झगा होता, ओळखपत्र होतं, दोन्ही ओळी होत्या, आणि चेहऱ्याच्या जागी मोठं भोक. त्यातून ताडाचं थंडीनं करपलेलं झाड दिसत होतं. त्यांच्यातल्या बाईंनी विचारलं, काय झालं? बेनाविदेस म्हणाले, "वारं."

बैठकीत माझी पाळी आली. मी सगळ्यांचं सांगितलं, आणि नेरेइदाच्या नावावर आल्यावर म्हटलं, "ती आईच्या घरी आहे. आजारी आहे. याला तुमच्याकडे जागा नाही, म्हणून तोंडी सांगते."  बेनाविदेस टेबलाकडे बघत होते.

त्या बाईंनी पेन खाली ठेवलं. "आणि बाकीचे?"

"सगळे म्हणाले, मस्त चाललंय."

"नेरेइदा काय म्हणाली होती?"

 तीही हेच म्हणाली होती, अगदी याच शब्दांत.

९ मार्च, रविवार

शाळेचं काय ते मे महिन्यात कळेल. बेनाविदेस माझ्याशी कामापुरतं बोलतात. फलक काढला, दांडे तसेच उभे आहेत.

आज सकाळपासून पहिल्या तुकडीला पुन्हा फोन करत बसले. या वेळी कोणी सांगितलं नव्हतं. नोकरी विचारली नाही, शिक्षण विचारलं नाही. "जेवलीस का? झोप लागते का? घरी कोण असतं?" एवढंच, आणि मग आपण गप्प बसायचं. हे अवघड आहे. मला गप्प बसायची सवय नाही.

काहींचं खरंच बरं चाललंय. आदालीला बाळ झालं, रोज शिफ्ट आणि बाळ, पण हसत होती. काही चटकन "मस्त, मिस" म्हणाले, आणि मी फोन न ठेवता तशीच थांबले, तेव्हा तिकडची हवा बदलली. रोखेलिओ, जो मागच्या खेपेला तीन मिनिटं विनोद सांगत होता, तो म्हणाला, "मिस, तुम्ही खरंच विचारताय का?" मी म्हटलं, हो. मग तो इतका वेळ काहीच बोलला नाही की मी त्याचा श्वास मोजू शकले असते. शेवटी म्हणाला, "उद्या पुन्हा कराल?" किती जण आपापल्या कपाटांमागे श्वास धरून उभे आहेत, कोण जाणे.

नेरेइदा काल अंगणात येऊन बसली होती, असा निरोप आहे. बोलत नाही अजून. डावा हात बरा होईल, उजव्याच्या दोन बोटांचं डॉक्टर नक्की सांगत नाहीत.

शेवटचा फोन ठेवला तेव्हा गॅसवर रस्सा उकळत होता. यारेत्सी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, न्हालेली, टॉवेलनं केस पुसत. किती वेळ उभी होती ते मला कळलं नाही. तिच्या मनगटाकडे माझं लक्ष गेलं. हातातलं कडं कोपरापर्यंत सरकलं होतं.

"झालं सगळ्यांना विचारून?" ती म्हणाली.

"झालं."

"मग मला?"

मी गॅस बंद केला. तिच्यासाठी खुर्ची ओढली आणि स्वतः समोर बसले. "जेवतेस का गं तू?" मी विचारलं. "झोप लागते का तुला?"

ती बसली, पण बोलली नाही. टॉवेलचं टोक पिळत राहिली. मीही बोलले नाही. बाहेर उजेड आहे अजून, आणि रस्सा गार होत चाललाय. ती गप्प आहे तेवढ्यात हे चार शब्द उतरवते आहे. आता वही मिटते. तिनं तोंड उघडलंय.